हौसाची ट्रिपशीट

१

गाडी निघायच्या आधी कागद निघतो. बावीस वर्षं भिवंडीच्या गोदामात डिस्पॅचला काढली, त्यातून एवढं एक शहाणपण मला आलं. कुठून सुटणार, कुठे थांबणार, किती किलोमीटर, वाटेत पूल कुठला, हे सगळं आधी ट्रिपशीटवर उतरतं. मग ड्रायव्हर किल्ली फिरवतो. म्हणून आइसलँडला जायचं ठरलं आणि आमची मुलगी माधवी म्हणाली, "पप्पा, त्याला आता ॲप असतात," तेव्हा मी तिला सरळ सांगितलं, "तुझं ॲप गेलं खड्ड्यात. मी कागद करणार."

आता अंजूरचा नवशा, दहावी पास, तो आइसलँडला कशाला निघाला, असं गावात अर्ध्या लोकांनी विचारलं. उरलेल्या अर्ध्यांनी विचारलं नाही, नुसते हसले.

निघाली होती ती हौसा, माझी बायको. मी फक्त ड्रायव्हर.

जानेवारीत ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे आणि कळायला उशीर झालाय. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंब घालून वर्षभर टिकेल, फार तर थोडी जास्त. कडेचं सगळं तिला दिसेनासं झालंच होतं, समोर वाटीएवढं दिसायचं. परतीच्या रिक्षात हौसा रडली नाही. कशेळीचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, "मना एकदा पत्रा नसलेली जागा बघायची हाय. नजर जाईल तिथवर मधे काय म्हणून काय न्हाय पायजे. मंग गेले डोळे तं गेले."

लग्न होऊन ती आली तेव्हा आमच्या मागच्या खिडकीतून थेट खाडीपर्यंत भात दिसायचं. आज खिडकीपासून आठ फुटांवर निळ्या पत्र्याची भिंत आहे. गोदाम आमच्याच जमिनीवर उभं आहे, त्याचं भाडंही आम्हीच खातो, त्यामुळे बोंब मारायची सोय नाही.

आइसलँड तिनं माधवीच्या फोनवर बघितलं होतं. काळा रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, आणि बाकी काही नाही. वर माधवीनं सांगितलं की जूनमध्ये तिथं रात्रच होत नाही, चोवीस तास उजेड. हौसानं माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या बाजूला बघितलं. मी म्हटलं, "जाऊ."

गोदामातला सुपरवायझर अरशद, भिवंडीचा जुना माणूस, ऐकून पोट धरून हसला. "नवशाभाई, तिथं काय आहे? गरम पाण्याची कुंडं. अरे मग अकलोलीला जा ना! वज्रेश्वरीची रिक्षा पकड, दुपारच्या जेवणाला घरी. काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मग हसणं थांबवून त्यानं विचारलं, "भाभीच्या डोळ्यांसाठी?" मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यानं मला स्वतःचा जुना लॅपटॉप आणून दिला.

२

माझी ड्युटी सकाळी सहा ते दोन. तीनला जेवण, साडेतीनला आम्ही 'निघायचो'.

लॅपटॉपवरच्या नकाशात त्या रस्त्याचे फोटो असतात. कुठल्याशा गाडीनं काही वर्षांपूर्वी सगळा रस्ता काढून ठेवलाय. बाण दाबला की आपण दहा-वीस पावलं पुढे. बेटाला फिरून येणारा एकच मोठा रस्ता आहे, तेराशे किलोमीटरच्या वर. रेक्याविकहून, म्हणजे तिथल्या राजधानीहून, निघायचं आणि गोल फिरून रेक्याविकलाच यायचं. मी त्याचे नऊ दिवस पाडले. एका दिवसाचा रस्ता आम्हाला दोन दुपारी पुरायचा. मधले मोकळे पट्टे मी उड्या मारून घ्यायचो, पण वळण आणि पूल एकही सोडला नाही. अनोळखी रस्त्यावर गाडी घालायच्या आधी तो डोक्यातून एकदा चालवून बघायचा, हे मी नव्या ड्रायव्हरांना कायम सांगत आलोय.

मागच्या खोलीत टेबल, त्याला तीन खुर्च्या. हौसा मधल्या खुर्चीवर. मी तिच्या उजवीकडे. डाव्या खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. गोदामाआधी पंधरा वर्षं मी टेम्पो चालवला आणि हौसा भाजी घेऊन माझ्या डावीकडे बसायची, ती सवय हाडात मुरलेली. तिथं स्टिअरिंग डावीकडे असतं, गाडी उजवीकडून चालवायची, हे मी ट्रिपशीटवर लाल शाईनं लिहून वर दोन रेघा मारल्या होत्या. लिहिलं आणि उजव्या खुर्चीत जाऊन बसलो. चुकतंय हे ध्यानातसुद्धा आलं नाही. तिच्या डावीकडची जागा, ड्रायव्हरची जागा, पहिल्या दिवसापासून मोकळी राहिली.

आणखी एक. आमच्याकडे भाड्यानं येणाऱ्या गाडीच्या शीटवर ड्रायव्हरच्या नावाचा रकाना आम्ही भरत नाही. गेटवर जो येईल तो आपलं नाव आपण टाकतो. इथंही माझ्या हातून तेच झालं. सुटण्याची वेळ, किलोमीटर, मुक्काम, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं. ड्रायव्हरचा रकाना कोरा.

३

पहिले चार-पाच दिवस म्हणजे सोहळा होता नुसता. हौसा स्क्रीनच्या अगदी जवळ नाक नेऊन, वाटीएवढ्या नजरेनं एकेक कोपरा टिपायची. जे हुकेल ते मी सांगायचो. "उजवीकडे धबधबा." "केवढा?" "आपल्या पाण्याच्या टाकीच्या दहापट." "चला, काहीतरी सांगता! नीट सांगा." ती उकडलेल्या शेंगा सोलायची, मला भरवायची आणि मी वळण जोरात घेतलं की ओरडायची. बावीस वर्षांनी पुन्हा माझ्या टेम्पोत बसल्यासारखी.

सहाव्या दुपारी वीक नावाच्या गावाच्या अलीकडे होतो. समोर चढ होता, चढापलीकडचं दिसत नव्हतं. हौसा शेंग सोलता सोलता म्हणाली, "हळू घ्या. पुढं मेंढ्या हायत. तीन. एक काळी."

मी बाण दाबला. आणखी एकदा दाबला. चढ संपला आणि रस्त्याच्या कडेला तीन मेंढ्या. एक काळी.

"तुला काय माहीत?"

"दिसल्या की," ती म्हणाली आणि शेंग तोंडात टाकली.

मी म्हटलं, माधवीनं व्हिडिओ दाखवला असेल. रात्री फोन करून विचारलं. माधवी टेमघरला असते, दोन घरं सांभाळते, तिला कुठला वेळ. "मी कशाला दाखवू पप्पा? तुमचीच रोजची ट्रिप चालू आहे." मग मी म्हटलं, अंदाज असेल. त्या देशात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, हे मीच तिला सांगितलं होतं. तीनचा अंदाज लागू शकतो. काळीचासुद्धा लागू शकतो.

माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला कुणी अडवत नाही.

४

मग घरातल्या बारीकसारीक गोष्टी.

गाडी भाड्यानं देणारे तिथं आधीच बजावतात की दार उघडताना दोन्ही हातांनी धरा, वारा दार उपटून नेतो. हे मी हौसाला एकदाच वाचून दाखवलं होतं. एका सकाळी बघतो तर ती मोरीचं दार दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून, अंगाचा भार टाकून इंचाइंचानं उघडतेय. एप्रिलचा महिना, पान हलत नव्हतं. मी म्हटलं, "हे काय गं?" तर म्हणाली, "वारं हाय ना."

गल्लीत ती उजव्या कडेनं चालायला लागली. ठमाबाई शेजारीण आरडाओरडा करत घरात आली, "रिक्षाखाली गेली असती आज तुजी बायको! समोरून येतेय आणि वर रिक्षावाल्यालाच शिव्या देतेय, चुकीच्या बाजूनं आलास म्हणून!" मी हसलो. ठमाबाई हसली नाही.

आणि डाव्या खुर्चीवरचे कपडे. एका दुपारी घरी आलो तर ढीग पलंगावर नेऊन ठेवलेला आणि खुर्ची टेबलापासून थोडी मागे ओढलेली, माणूस बसेल इतकी.

"माधवी आली होती का?"

"न्हाय."

"मग खुर्ची कशाला मोकळी केलीस?"

हौसा थोडा वेळ विचारात पडली. खरंच विचारात पडली, खोटं बोलणाऱ्याचा चेहरा मला कळतो. "अडचण होत होती," ती म्हणाली. कुणाला, ते मी विचारलं नाही.

इकडची नजर मात्र भराभर चालली होती. आमटीत मीठ दोनदा पडायचं. समोर ठेवलेलं ताट ती चाचपून शोधायची. डॉक्टरीणबाईंकडे नेलं तर त्या मशीनच्या कागदाकडे बघत राहिल्या. "इतक्या लवकर व्हायला नको होतं," म्हणाल्या. "थेंब वेळेवर घालता ना?" मी वेळेवर घालत होतो. मी गाडीची वेळ चुकवली नाही कधी, बायकोच्या डोळ्यांची चुकवेन?

बाहेर आल्यावर मी हिशोब केला. व्हिसाला अजून दहा-बारा दिवस, जूनला पाच आठवडे. तोवर काय उरणार? रिक्षात हौसानंच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "कशाला तोंड पाडताय? आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालंय माझं. दुपारी मना लख्ख दिसतं."

तिचा हात गार होता. बाहेर चाळीस डिग्री ऊन आणि हात बर्फाच्या लादीवरून उचलल्यासारखा.

५

अकराव्या दुपारी वीज गेली. भिवंडीत वीज जाणं ही काही गोष्ट नव्हे, पण लॅपटॉपची बॅटरी जुनी, दोन मिनिटांत तोही मेला. पंखा थांबला. पत्र्यापलीकडची फोर्कलिफ्टची पीं-पींही थांबली. मी खुर्ची मागे सारली.

"पूल आला," हौसा म्हणाली. "एकाच गाडीचा हाय. समोरून कोण न्हाय, चला."

स्क्रीन काळा होता. माझा हात मांडीवर होता.

उठून तिला हलवावं असं वाटलं. पण बावीस वर्षांची खोड अशी की मी पेन्सिल उचलली आणि लिहायला लागलो. ती बोलत होती आणि मी ट्रिपशीटच्या पाठीवर वेळेसकट उतरवत होतो. चार बावीसला पूल. चार पंचवीसला डावीकडे लाल छपराचं घर. घरामागे पिवळा ट्रॅक्टर. मग बराच वेळ नुसतं गवत. त्या गवताबद्दल ती इतकं हळू आणि मायेनं बोलली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, "इथं उजव्या अंगाला नवा रस्ता काढतायत. माती ओलीच हाय अजून."

खोलीत आवाज नव्हता. नाही, होता. ती बोलायची थांबली की खड्यांवरून टायर जातात तसा बारीक आवाज यायचा. मी स्वतःला सांगितलं, वाऱ्यानं पत्रा घासतोय. वारा नव्हता, हे मला माहीत होतं.

सहाला वीज आली. मी एकटा बसून सगळं पडताळलं. पूल होता. घर होतं, लाल छपराचं. ट्रॅक्टर होता. नवा रस्ता मात्र नव्हता, तिथं नुसतं गवत. मला इतकं हलकं वाटलं की मी एकटाच मोठ्यानं हसलो. चुकली, बाई चुकली! म्हणजे हे सगळं तिच्या मनाचंच होतं.

तरी माधवीला म्हटलं, जरा शोध. ती इंग्रजी वाचते. अर्ध्या तासानं तिचा फोन आला. त्या ठिकाणी या मार्चपासूनच नव्या रस्त्याचं काम चालू आहे. फोटो जुने, म्हणून दिसत नाही. "का पप्पा? आपल्याला अडचण आहे का तिथं?"

"नाही," मी म्हटलं. "सहज."

६

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप लवकर उघडला. हौसा मोरीत कपडे धूत होती. काल ती जिथवर पोचली होती तिथून मी पुढे निघालो, एकटा. कुठंतरी मला हे बघायचं होतं की मी आधी जाऊ शकतो का.

काळ्या वाळूचा लांब पट्टा, एका बाजूला समुद्र. दहा-बारा बाण दाबले. दूर रस्त्याकडेला पांढरी गाडी थांबलेली. रस्त्यावर गाड्या दिसायच्या अधूनमधून, त्यात काही नाही. आणखी एक बाण. मग मला गाडीच्या उजव्या दारातून काहीतरी बाहेर आलेलं दिसलं. आणखी एक. दाराच्या फटीत कापड अडकलं होतं. पोपटी, त्याला पिवळा काठ. पदर.

गाडीत डावीकडे कुणीतरी होतं. काचेवर आभाळ पडलं होतं, त्यामुळे तोंड नव्हतं दिसत. खांदा होता. स्टिअरिंगवर एक हात होता. मी स्क्रीनजवळ गेलो, अगदी हौसासारखा, नाक लावून. तो हात माझा असतो तसा, घड्याळातल्या दहाच्या ठिकाणी होता, अंगठा वर. मी टेम्पो तसाच धरायचो.

बाण दाबला. रस्ता मोकळा. मागे आलो. रस्ता मोकळा.

हौसा मोरीतून बाहेर आली आणि दोरीवर साडी वाळत घालू लागली. पोपटी, पिवळ्या काठाची. पदराच्या टोकाला ग्रीसचा काळा पट्टा होता, हातभर.

"निघत न्हाय मेलं," ती म्हणाली. "दारात अडकला होता."

७

हे कुणाला सांगणार? अरशदला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, सुट्टी घे. माधवीला सांगितलं असतं तर ती आधीच खचलेली. मी लॅपटॉप कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. दुपारी हौसाला म्हटलं, "आज नको. बिघडलाय."

"बरं," ती म्हणाली. मधल्या खुर्चीवर बसली. शेंगांची वाटी मांडीवर घेतली आणि पदर सावरला. मग मान थोडी मागे टेकली, गाडी सुटताना टेकते तशी.

मी दारात उभा होतो. मग शेवटी माझ्या जागेवर जाऊन बसलो, तिच्या उजवीकडे. तिच्या चेहऱ्यावर उजेड हलत होता. ढगांखालून गाडी जाते तेव्हा पडतो तसा, ऊन, सावली, ऊन. खिडकीबाहेर पत्रा होता.

"हौसा."

"हं."

"गाडी कोण चालवतंय?"

ती हसली. खूप दिवसांनी इतकी मोकळी हसली. "हे काय इचारणं झालं? तुमीच की!"

आणि हे म्हणताना तिनं मान डावीकडे वळवली. मी उजवीकडे होतो. तिच्या खांद्याला माझा खांदा जवळजवळ लागत होता. तिनं रिकाम्या खुर्चीकडे बघून, बायको नवऱ्याकडे बघते तसं बघून, हे सांगितलं. मग दोन दाणे सोलले, हात तिकडे लांब केला आणि तळवा उघडा धरला. क्षणभरानं हात झटकून मागे घेतला.

नंतर मी गुडघ्यावर बसून टेबलाखाली, खुर्चीखाली, पलंगाखाली ते दाणे शोधले. नव्हते.

८

मला भीती वाटत होती, हे कबूल करतो. पण त्याहून जास्त राग आला होता. माझी बायको, माझी ट्रिप, माझा कागद! मी शीट बाहेर काढली. ड्रायव्हरच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, ठळक, दोनदा गिरवून. आणि दुसऱ्या दिवशी हौसा यायच्या आधी डाव्या खुर्चीत जाऊन बसलो.

खुर्ची कोमट होती. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. मी बसून राहिलो.

हौसा भिंत चाचपत आली, बसली, मान टेकली. मी मनात म्हटलं, चल.

आधी तिच्या कपाळाला आठी पडली. मग तिचे दोन्ही हात वर आले आणि समोर काहीतरी शोधू लागले.

"अवो? अवो, अंधार झाला. काय दिसत न्हाय."

"मी आहे गं. मी आहे इथं."

"कुठं आणलंत मना?" तिचा आवाज चिरकला. "इथं काय न्हाय! पत्र्याचा वास येतोय. मना नको इथं, मना नको इथं अवो..."

मी तिला धरलं. ती लहान पोरासारखी थरथरत होती, डोळे सताड उघडे आणि त्यात काहीच नाही. तेव्हा मला कळलं की इकडचं तिचं सगळं संपलंय, वाटीएवढंसुद्धा उरलेलं नाही. किती दिवस झाले होते कोण जाणे. ती बोललीच नव्हती, तिला त्याची गरजच पडली नव्हती. बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि तीही मी तिच्यासमोरून काढून घेतली होती.

किती वेळ तसे बसलो होतो सांगता येत नाही. ती रडायची थांबेना.

मी उठलो. उजव्या खुर्चीत जाऊन बसलो. मान खाली घातली आणि डावीकडे बघितलं नाही.

खुर्चीनं हलकासा आवाज केला.

हौसानं श्वास सोडला. "आलं," ती म्हणाली. "दिसलं बाई. केवढं घाबरले मी." तिनं पदरानं डोळे पुसले, तिच्या गालांवर पुन्हा तो उजेड हलायला लागला, आणि मला, देवाशपथ सांगतो, आधी बरं वाटलं. बाकी सगळं नंतर.

९

आता माझा सगळा भरवसा एका गोष्टीवर होता. रस्ता गोल आहे. जिथून सुटला तिथंच येतो. शीटवर तसंच लिहिलंय, नववा दिवस, मुक्काम रेक्याविक, ट्रिप समाप्त. कुठलाही ड्रायव्हर असू दे, कागद संपला की गाडी सोडावी लागते. हा नियम बावीस वर्षं पाळला जाताना मी बघितलाय. शेवटच्या थांब्याला हौसा उतरेल आणि मी तिला घरी आणेन. मग मी तिला अकलोलीला नेईन, खाडीवर नेईन, हाताला धरून सगळं सांगेन, वाटेल तेवढं नीट सांगेन.

अठरावी दुपार शेवटची, त्या दिवशी मी सुट्टी टाकली. सकाळीच माधवी धावत आली होती, टेमघरहून, हातात दोन पासपोर्ट. "आला पप्पा! व्हिसा आला! आई, आपला व्हिसा आला, तू खरंच जाणार!"

हौसानं आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. चेहऱ्यावर पाहुणीला दाखवतात तसलं हसू. "कुठं?" तिनं विचारलं.

माधवी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तिला समजावून घरी पाठवलं. संध्याकाळी ये म्हटलं, संध्याकाळपर्यंत आई बरी होईल. तिला वाटलं मी डॉक्टरांकडे नेणार आहे.

साडेतीनला बसलो. मी उजवीकडे. शीट समोर, पेन्सिल हातात. हौसा फारसं बोलली नाही, सुखात होती. चार दहाला म्हणाली, "समुद्र." साडेचारला, "घरं लागली." मी एकेक थांबा खोडत गेलो. पाच वाजून आठ मिनिटांनी तिच्या चेहऱ्यावरचा उजेड हलायचा थांबला. खड्यांचा आवाज बंद झाला. खोली इतकी शांत झाली की मला माझ्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

"पोचलो," हौसा म्हणाली आणि अंग ताणलं. "झाला बघा सगळा गोल पुरा. एक पत्रा न्हाय लागला कुठं."

मी पेन्सिल ठेवली आणि तिचा हात धरला, दोन्ही हातांनी, घट्ट. गार होता, पण तिचाच होता, बोटाला विळीचा जुना व्रण होता.

"उतर हौसा," मी म्हटलं. "ये. घरी आलो."

ती दचकली नाही. नुसती स्तब्ध झाली. आपल्या हाताकडे तिनं मान खाली केली, मग उजवीकडे वळली आणि माझ्या तोंडावरून, अगदी समोरून, तिची नजर फिरली. ती नजर आंधळी नव्हती. ती शोधत होती आणि तिला नीट दिसत होतं. माझ्या जागी काहीतरी दिसत होतं, गवत असेल, आभाळ असेल. मग ती डावीकडे वळली आणि आवाज एकदम खाली आणला.

"अवो," ती म्हणाली, "कोणीतरी माझा हात धरलाय. दिसत तं कोण न्हाय."

ती ऐकत राहिली. दोनदा मान हलवली. मग एकेक बोट सोडवत, परक्या माणसाच्या हातातून बाई सोडवते तसा, तिनं आपला हात माझ्या हातांतून काढून घेतला आणि पदराला पुसला.

"चला ना अवो," ती त्याला म्हणाली. "इथं थांबू नका. मना भ्या वाटतंय."

मी माझे हात मागे घेतले.